तिसऱ्या विहिरीचं नाव

आमच्या घरातलं पवित्र शास्त्र कुठूनही उघडायला जा, ते आपलं आपण एकाच पानावर उघडायचं. उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय. बोटांच्या मळानं ते पान काळपट झालं होतं आणि खालचा कोपरा झिजून गेला होता. इतरांच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला स्तोत्रं वाचत, शुभवर्तमानातले दाखले वाचत. आमच्या पप्पांचं आपलं एकच, इसहाकाच्या विहिरी. कंदिलाची काच पुसून झाली, आईनं चुलीवरचा भात बाजूच्या वैलावर सरकवला की पप्पा पाटावर मांडी घालून बसत, चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं कानाला अडकवत आणि सुरू करत. अब्राहामानं खणलेल्या विहिरी त्याच्या मरणानंतर पलिष्ट्यांनी मातीनं बुजवल्या. त्याच्या मुलानं, इसहाकानं, त्या पुन्हा उकरल्या आणि बापानं ठेवलेलीच नावं त्यांना परत दिली. मग त्याच्या माणसांनी एक नवी विहीर खणली, तर तिथले गुराखी आले, म्हणाले, पाणी आमचं. इसहाकानं विहिरीला नाव दिलं एसेक, म्हणजे भांडण, आणि तो पुढे गेला. दुसरी खणली, तिथंही तेच. तिचं नाव सिटना, म्हणजे वैर. पुन्हा पुढे गेला, तिसरी खणली, आणि तिच्यासाठी कुणी भांडलं नाही. तेव्हा तो म्हणाला, आता देवानं आपल्याला ऐसपैस जागा दिली, आणि त्यानं त्या जागेचं नाव ठेवलं रहोबोथ. पप्पा इथं थांबत. पुस्तक मिटत. वर्षानुवर्षं ते बरोब्बर तिथंच थांबत आले आणि पुढे काय आहे हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

पप्पा गवंडी होते, पण भिंती बांधणारे नव्हेत. विहिरी बांधणारे. नगरकडून एका विहिरीच्या कामाला म्हणून ते मुळशीत आले, रिह्याच्या खोऱ्यात राहिले आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईशी त्यांचं लग्न झालं. ती माझी आई. खोऱ्यातल्या चांगल्या म्हणाव्या अशा निम्म्या विहिरींचं दगडकाम पप्पांच्या हातचं. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगड असा बसवायचे की मधे सुरीचं पातं शिरायचं नाही. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं आणि मला रिबी. माझं खरं नाव रिबका. ती इसहाकाची बायको, विहिरीवरच सापडलेली. पप्पांना दुसरं नाव सुचलं असतं तरच नवल. मी लहानपणी या नावावर फार चिडायचे. शाळेत शांता होत्या, सुमन होत्या, आणि मी आपली रिबका.

आम्ही दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायचो. वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन. सकाळी जाग यायची ती छिन्नीच्या आवाजानं. टक, टक, टक, मग जरा थांबून एक मोठा ठोका. पप्पा दगड घडवताना बोलत नसत, ओठ घट्ट मिटलेले असत. आई मात्र सारखी बोलत असे, दवाखान्यातल्या बाळंतपणांबद्दल, सासवांबद्दल, डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतो त्याबद्दल, आणि त्या बोलण्यात भाकऱ्या थापून व्हायच्या. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण हे आमचं रोजचं. भात लावायच्या दिवसांत ओढ्याचे खेकडे मिळत. आई ते पाट्यावर ठेचून त्यांचा रस गाळून कालवण करायची, आणि मी त्याचा शेवटचा थेंब भाकरीनं पुसून खायचे. आज माझी मुलगी खेकडे म्हटलं की नाक मुरडते. मुरडू दे बापडी.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचा माझा राग कुठून येतो ते कळेल. दर नाताळला आई करंज्या आणि शंकरपाळी करायची आणि ताटात घालून, वर विणलेला रुमाल टाकून मला दगडूआण्णांच्या घरी पाठवायची. आण्णा म्हणजे आमच्या वस्तीतले मोठे शेतकरी, ओढ्याकडची सगळी खाचरं त्यांची आणि त्यांचा धाकटा भाऊ किसन याची. त्यांच्या घरची मोठी विहीर पप्पांनीच बांधलेली. ताट दुसऱ्या दिवशी रिकामं आणि लख्ख घासून परत यायचं, आणि मला केवढा आनंद व्हायचा. आमच्या करंज्या आण्णांकडे आवडतात! सात वर्षांची असताना मी रुमाल विसरला म्हणून त्याच दिवशी परत गेले, तर गोठ्यात किसनकाका गव्हाणीत करंज्या टाकत होता. बैल खात होता. काकानं मला पाहिलं. म्हणाला, “आगं, आमच्यात चालत न्हाई तुमच्या हातचं. बैलाला काय कळतंय?” आणि हसला. त्या हसण्यात वाईट काही आहे असं त्याला वाटतसुद्धा नव्हतं, हे मला आज जास्त टोचतं. मी घरी येऊन काही बोलले नाही. आईनं रात्रभर जागून त्या केल्या होत्या. तिला कसं सांगणार?

आता विहिरी. दवाखान्यामागे पाणी नव्हतं. आई डोक्यावर दोन हंडे घेऊन ओढ्यावर जायची, मग साडी बदलून ड्युटीवर. पप्पा खोऱ्याला पाणी पाजत होते आणि त्यांच्या बायकोच्या डोक्यावर हंडे. आईनं एकदा हे तोंडावर सुनावलं तेव्हा पप्पा आण्णांकडे गेले. आण्णा म्हणाले, “त्यो बांधाचा कोपरा पडीकच हाय. तुज्या हातानं खण आन् पी, मिस्त्री.” कागद नाही, साक्षीदार नाही. दोन उन्हाळे पप्पा आपलं दुसरीकडचं काम उरकून तिथं खणत होते. मी घमेली ओढली. आई सुट्टीच्या दिवशी पदर खोचून उतरायची. पाणी लागलं, आणि काय पाणी! भात शिजवला तर दाणा न् दाणा मोकळा व्हायचा. पंधरा दिवस आम्ही ते प्यायलो असू. मग किसनकाका चार माणसं घेऊन आला. “जमीन आमची, तर पानी कुनाचं? आमचंच न्हाई का?” आण्णा मागे उभे होते. पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. आण्णांनी खाली पाहिलं.

आई भांडली. पप्पा भांडले नाहीत. त्यांनी एक दिवस मागून घेतला, कठड्याचा शेवटचा दगड बसवायचा राहिलाय म्हणाले. आणि ज्यांनी हाकललं त्यांच्यासाठी त्यांनी तो दगड बसवला, वर एक शब्द कोरला, एसेक. किसनकाकानं विचारलं, “काय लिवलंय?” पप्पा म्हणाले, “विहिरीचं नाव आहे.” काका खूश. पोराबाळांना सांगत सुटला की आमच्या विहिरीला मिस्त्रीनं नाव दिलंय. आई घरी येऊन भांडी आपटत होती. “त्यांना त्याचा अर्थ तरी कळतो का? भांडण लिहून आलात आणि ते त्याला हार घालतायत! मग लिहिलंत कशाला?” पप्पा म्हणाले, “देवाला वाचता येतं.” आई म्हणाली, “देवाला हंडे वाहायचे नाहीत.”

दुसरी विहीर गायरानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथं कुणाची मालकी नव्हती, म्हणून निश्चिंत होतो. पाणी लागलं आणि चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मी पोहरा सोडला तर वर शेण आणि चुलीची राख तरंगत होती. आईनं पोहरा तसाच भरून काढला आणि आण्णांच्या अंगणात नेऊन ओतला. खाकी स्वेटर, पांढरी साडी, आणि हातात तो घाण पोहरा. मला आयुष्यात आई इतकी सुंदर कधी दिसली नाही. आण्णांची म्हातारी म्हणाली, “वरच्या अंगाला तुमी पानी भरनार, आन् खाली आमी ते प्यायचं व्हय?” म्हणजे मूळ हे होतं. पप्पांनी त्यांच्या घरच्या विहिरीचा प्रत्येक दगड हातानं बसवला होता, त्या हाताचं पाणी ते वर्षानुवर्षं पीत होते, ते चालत होतं. आमचा पोहरा वरच्या अंगाला बुडला तर ते मात्र बाटत होतं. हे लिहितानासुद्धा माझी तळपायाची आग मस्तकात जाते. साठी उलटून गेली तरी जाते. लोक मला सांगतात, आता विसरा, तो काळच तसा होता. काळानं नव्हतं शेण टाकलं. माणसांनी टाकलं होतं, त्यांना नावं होती.

पप्पांनी तिथंही दगड बसवला. सिटना. आणि पुढच्याच वर्षी ती विहीर साफ करून, इंजिन बसवून किसनकाका भाजी पिकवायला लागला.

तिसऱ्या वेळी सूत्रं आईनं हातात घेतली. “आता देवाची इच्छा नंतर, आधी कागद,” ती म्हणाली. एक विधवा बाई आपली माळावरची जागा विकून लेकीकडे निघाली होती. नुसता खडक, वर करवंदीच्या जाळ्या. गाव हसलं. आईनं ती स्वतःच्या नावावर केली, सातबाऱ्यावर नर्सबाईचं नाव चढलं, आणि आम्ही तिथं दोन खोल्या बांधून राहायला गेलो. त्या खडकात पप्पांनी तीन उन्हाळे घातले. पहार मारली की नुसता आवाज यायचा, माती नाहीच. तरी त्यांनी सुरुंग लावला नाही. ते म्हणत, खडकाच्या पोटात झरा कुठून कसा येतो ते आपल्याला दिसत नाही, धक्का दिला तर तो वाट बदलतो. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी पप्पांनी खालून मला हाक मारली. “रिबे, हात लाव इथं.” मी दोराला धरून उतरले, कातळाला तळवा लावला. ओला होता.

त्या विहिरीचा कठडा पूर्ण झाला तरी वरचा दगड मात्र कोराच. मी मागे लागले, “लिहा ना रहोबोथ. आता कोण भांडतंय?” पप्पा म्हणायचे, “थांब. भांडलं नाही म्हणजे जागा दिली असं होत नाही.” मला ते कळायचं नाही. मला एवढंच कळत होतं की माझ्या बापाला दोनदा हाकललं, त्यानं दोनदा मान खाली घातली, आणि आता आपली जागा मिळाली तर तिच्यावर नाव घालायचंही धाडस नाही. मला त्यांची लाज वाटायची. हे कुठल्याही मुलीनं बापाबद्दल लिहू नये, पण खरं आहे ते आहे.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली, किसनकाकाला पाणी कमी पडायला लागलं, म्हणून त्यानं एसेक विहिरीत सुरुंग लावायचं ठरवलं. पप्पा स्वतः होऊन सांगायला गेले, “नका लावू. झरा सरकेल.” काका म्हणाला, “मिस्त्री, तुमची हाय का इहीर आता?” सुरुंग उडाला, आमच्या माळावर पत्रे थरथरले. आठ दिवस पाणी दुप्पट, आणि मग ते खाली खाली गेलं ते गेलंच. गायरानातली तर इंजिनानं उपसून आधीच तळाला गेली होती, आणि त्या वर्षी आण्णांच्या घरची मोठी विहीरही आटली. दुसरी गोष्ट, पप्पा तापानं आजारी पडले. हिवताप असेल, आई दवाखान्यातून गोळ्या आणायची. त्यांना बसवेना, म्हणून संध्याकाळची प्रार्थना मी घ्यायची ठरलं. पान आपोआप उघडलं. मी वाचत गेले, एसेक, सिटना, रहोबोथ, आणि मला थांबायचं कुठं हे काही कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढे वाचत गेले.

पुढे असं आहे. ज्या राजानं इसहाकाला आपल्या मुलखातून हाकललं होतं, तोच राजा नंतर आपली माणसं घेऊन त्याच्याकडे येतो. करार करू म्हणतो. आणि इसहाक, तो मुकाट मुकाट पुढे सरकणारा, मान खाली घालणारा माझ्या बापाचा इसहाक, आधी त्यांना विचारतो, तुम्ही माझ्याकडे का आलात? तुम्ही तर माझा द्वेष करत होता, तुम्ही मला हाकललंत. मग त्यांना मेजवानी देतो, ते खातात, पितात. पण आधी विचारतो! मी पुस्तक मांडीवर आपटलं. “पप्पा, हे तुम्ही कधीच वाचलं नाहीत! इतकी वर्षं!” पप्पा वाकळ गळ्यापर्यंत ओढून पडले होते. मग म्हणाले, “तिथं आलो की मला राग येतो, रिबे. आणि राग आला की माझा हात चुकतो. छिन्नी घसरली की सहा दिवस घडवलेला दगड गेला.” आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “मग तुम्ही दगड सांभाळा. विचारायचं काम आम्ही करू.” मी तेव्हा आठवीत होते.

आठवडाभरात ते दोघं आले. आण्णा आणि किसनकाका. दुपारची वेळ, पप्पांना पहिल्यांदाच जरा बरं वाटत होतं, ते अंगणात खाटेवर बसले होते. आण्णा अंगणाच्या कडेलाच उभे राहिले, टोपी काढून घाम पुसला. गुरांना पाणी नाही, बायका पार खाली नदीपर्यंत जातायत, वगैरे सगळं सांगितलं. मग म्हणाले, “मिस्त्री, तुज्या हिरीचं पानी पायजे. आमच्या बाया येतील, आमच्या हंड्यानं, आमच्या दोरीनं भरतील. तुमाला तरास न्हाई.” आमच्या हंड्यानं, आमच्या दोरीनं! ऐकलंत ना? आमच्या कातळातून, आमच्या बापाच्या तीन उन्हाळ्यांतून आलेलं पाणी हवं, पण आमच्या पोहऱ्याला हात नको. पप्पांनी आईला हाक मारली, “पाहुण्यांना पाणी आण.” आईनं तांब्या आणला. आण्णा म्हणाले, “नगं, आत्ताच प्यालो.” किसनकाकानं तर मान फिरवली.

आणि मी बोलले. अगदी शास्त्रातल्यासारखं नाही आलं तोंडातून. मी म्हणाले, “आण्णा, तुम्ही आमच्याकडं का आलात? दोन विहिरींवरून तुम्ही आम्हाला हाकललंत. आमच्या करंज्या तुमचा बैल खातो. आता का आलात?”

आईचा हात तोंडावर गेला. तिला करंज्यांचं तेव्हा कळलं. मला तिच्याकडे बघवेना. किसनकाका पुढे आला, “ए पोरी, मोठ्यांच्यात त्वांड घालू नगं. मिस्त्री, आवरा हिला.” मी पप्पांकडे पाहिलं. मला खात्री होती की ते आता म्हणणार, रिबे, आत जा. पप्पा खाटेवरून उठले. ताप उतरलेला माणूस उठतो तसे, खाटेची कड धरून. म्हणाले, “पोरीनं विचारलंय, आण्णा. उत्तर द्या.”

आण्णा टोपी हातात फिरवत होते. ते खोटं बोलू शकले असते. मोठी माणसं बोलतात तसं, झालं गेलं गंगेला मिळालं, असं काहीतरी. पण म्हातारा शेवटी म्हणाला, “तहान लागली म्हनून आलो, पोरी. दुसरं काय? आन् व्हय, हाकललं आमी. पानी गोड लागलं म्हनून हाकललं.” आईनं तांब्या पुन्हा पुढे केला नाही. ती पप्पांकडे बघत होती. पप्पा म्हणाले, “पाणी देतो. कितीही न्या. पण आधी जेवा. आमच्या ताटात, आमच्या हातचं. इसहाकानं तसंच केलं होतं.” आण्णांना इसहाक कोण ते काय ठाऊक? पण जेवणं म्हणजे काय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

किसनकाका तिथूनच फिरला. “दादा, चला. गेलं त्यांचं पानी खड्ड्यात.” आण्णा गेले नाहीत. ते आमच्या ओसरीवर बसले, पायातली वहाण काढून. आईनं भात टाकला, अंड्याचा रस्सा केला. करताना ती एक शब्द बोलली नाही, आयुष्यात पहिल्यांदा. ताट वाढलं तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि मला ठाऊक होतं ते चुलीच्या धुरानं नव्हते. आण्णांनी पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी समोर बसून बघत होते, एकदाही पापणी लवू दिली नाही. त्यांनी घास खाल्ला. मग पाणी मागितलं. आईनं आमच्या पोहऱ्यातलं तांब्यात ओतून दिलं. ते गटागटा प्यायले, म्हणाले, “बाय, भात मोकळा झालाय.” आई म्हणाली, “तो पाण्याचा गुण.”

कुणाला वाटेल, झालं, गोड शेवट. कसला डोंबलाचा गोड शेवट! दुसऱ्या दिवशी सकाळी किसनकाकाची बायको दोन हंडे घेऊन हजर, तिच्या हंड्यानं, तिच्या दोरीनं. नवरा जेवला नाही, आणि ही पाणी न्यायला आली! मी कठड्यापाशी उभी राहिले. पप्पा म्हणाले, “भरू दे.” मी म्हणाले, “का? अट तुम्हीच घातलीत ना?” ते म्हणाले, “तिनं आपल्याला हाकललं नव्हतं. हंडे तिच्याच डोक्यावर आहेत.” मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज मला त्यांचं म्हणणं समजतं, पण पटत अजूनही नाही. किसनकाका मरेपर्यंत ते पाणी प्यायला आणि मरेपर्यंत आमच्या ओसरीवर चढला नाही.

त्याच आठवड्यात पप्पांनी छिन्नी काढली आणि कोऱ्या दगडासमोर बसले. “आता लिहितो,” म्हणाले. “रहोबोथ.” इतकी वर्षं मी मागे लागले होते त्या शब्दाच्या, आणि आता मीच त्यांचा हात धरला. “कुठली ऐसपैस जागा, पप्पा? एक माणूस जेवला. एक!” पप्पांनी छिन्नी खाली ठेवली. “मग काय लिहू?” मला वाटतं, माझ्या बापानं मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न. मी म्हणाले, “तुम्ही वाचायचं टाळत होता ते लिहा.” त्यांना चार दिवस लागले, अक्षरं फार होती. मी पाणी शिंपडत शेजारी बसले होते. एकदाही छिन्नी घसरली नाही. तुम्ही माझ्याकडे का आलात? प्रश्नचिन्हासकट, अक्षरं बोटभर खोल. शाळेत जाणाऱ्या पोरांनी ते वाचून बायकांना सांगितलं, बायका पहिले काही दिवस ओशाळल्या, मग सवय झाली. पण खोऱ्यात त्या विहिरीला इचारती इहीर असं नाव पडलं. “कुटं निघालीस?” “इचारतीवर.” पप्पांना ते फार आवडायचं. ते म्हणायचे, माणूस नाव ठेवतो, आणि मग गाव त्याला स्वतःचं नाव ठेवतं, तेच टिकतं.

टिकतं? मुळशीत राहून हे म्हणणं म्हणजे धाडसच. इथं धरणाखाली आख्खी गावं आहेत, त्यांच्या देवळांची, शेतांची, पाणवठ्यांची नावं आता कुणाला येत नाहीत. आणि जी बुडाली नाहीत त्यांच्यावर आता पाट्या चढतायत, अमुक व्हॅली, तमुक मेडोज. खाचराखाचराला नाव होतं हो आमच्याकडे! ते सगळं पुसून इंग्रजी पाटी, आणि वर शनिवार-रविवारचा धांगडधिंगा. यावर मी घरात इतकी बोलते की माझी मुलगी म्हणते, आई, तुला वर्तमानपत्रात सदर चालवायला द्यायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात तिनंच गाडी काढली. माळावरची आमची जागा आता एका आयटीवाल्याचं फार्महाऊस आहे. फाटकाशी म्हातारा वॉचमन, कुठल्या तरी लांबच्या मुलखातला. “साहब नहीं है, बुकिंग है क्या?” मी म्हणाले, ही विहीर माझ्या बापानं खणलीय. मुलीनं त्याला हिंदीत समजावलं, त्यानं बिचाऱ्यानं आत सोडलं. विहिरीवर लोखंडी जाळी होती, भोवती रंगीत दिव्यांची माळ, शेजारी पाटी, विशिंग वेल. आत तळाशी नाणी चमकत होती. नाणी! माझ्या बापाच्या झऱ्यात! मी वॉचमनला, त्या साहेबाला, सगळ्या खोऱ्याला तोंडाला येईल ते बोलत सुटले. मुलगी म्हणत होती, आई, पुरे. बोलता बोलता मी कठड्याला वळसा घातला आणि दगडासमोर आले.

अक्षरं तशीच होती, बोटभर खोल.

आणि तिथं माझं तोंड बंद झालं. कारण एक गोष्ट मी इतका वेळ लिहायची टाळली आहे, पप्पा ते वचन टाळायचे तशी. ही जागा कुणी आमच्याकडून हिसकावली नाही. एसेक हिसकावली, सिटना हिसकावली. ही आईनं कागद करून घेतली होती म्हणूनच कुणाला हिसकावता आली नाही. ही मी विकली. आई गेल्यावर, पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता म्हणून. सहीच्या वेळी घेणाऱ्यानं विचारलं होतं, विहिरीचं काही नाव आहे का, आणि मी घाईत होते, मी म्हणाले, नाही, काही नाही. खोऱ्याला, काळाला, पाट्यांना मी शिव्या घालत फिरते, आणि ते नाव ज्यानं जपायचं ते माणूस ठरल्या वेळी सही करून मोकळं झालं होतं.

वॉचमननं माझा चेहरा पाहिला असावा. त्यानं खुर्ची आणली, जारमधलं थंड पाणी ग्लासात आणलं. मी म्हणाले, हे नको, या विहिरीचं दे. तो म्हणाला, “इसका तो कोई नहीं पीता, मॅडम. गार्डन के लिए है.” हिरवळीच्या कडेला नळ होता. मी गुडघे धरून खाली बसले, नळ सोडला आणि ओंजळ धरली. मुलगी मागून ओरडली, “आई, काय करतेयस? कशाला आलो आपण इथं?”

“तहान लागली म्हणून,” मी म्हणाले, आणि प्यायले.